पोलादाला भोक पाडणाऱ्यांचा इतिहास

बागलाणचा इतिहास म्हटला की साल्हेर, मुल्हेर आणि १६७२ ची साल्हेरची लढाई आठवते. सटाण्यात उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना मला आणखी एक इतिहास दिसतो. तो शब्दांत दडलेला आहे. कारखाना, कारागीर, हुन्नर, वस्ताद हे मराठी शब्द फारसीतून आले. फारसीतला 'फौलाद' मराठीत 'पोलाद' झाला. भोक पाडण्याच्या हत्याराला उर्दूत 'बरमा' म्हणतात. मराठी सुताराकडे 'सामता' आणि 'गिरमिट' असते. एका भाषेचा कारागीर दुसऱ्या भाषेच्या कारागिराशेजारी बसून काम करत होता, याचा याहून साधा पुरावा कोणता?

आपल्या जिल्ह्यात पोलादाच्या कामाचे एक जुने ठिकाण म्हणजे मनमाड. तिथली रेल्वेची इंजिनिअरिंग वर्कशॉप १९०६ पासूनची. पुलांचे गर्डर तयार करणे हे तिचे काम. गर्डर बनवायचा म्हणजे हजारो भोके पाडायची. पत्रे आणि अँगल एकमेकांवर ठेवून, समोरासमोर आलेल्या भोकांत लालबुंद रिवेट घालायचे. एक जण रिवेट तापवी, दुसरा ते भोकात बसवी, तिसरा मागून टेका देई आणि चौथा ठोकी. रिवेट थंड होताना आकसते आणि पत्रे घट्ट आवळते. भोके जुळली नाहीत तर पुलाचा सांधा कच्चा राहतो. आगगाडीत बसणाऱ्या माणसाचा जीव असा कोणीतरी पाडलेल्या भोकावर अवलंबून असतो.

पंच मारून भोक लवकर पडते, पण त्याने पोलादाची कड कडक होते आणि बारीक चिरा पडू शकतात. म्हणून महत्त्वाच्या कामाला ड्रिल हवे. १८९० साली खुल्या झालेल्या स्कॉटलंडच्या फोर्थ पुलासाठी विल्यम ॲरोल यांनी खास ड्रिल यंत्रे बनवून घेतली होती. ती एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांतून एकदमच भोक पाडत, त्यामुळे भोके आपोआप जुळत.

अशी यंत्रे कारखान्यात ठीक. उभ्या पुलावर काय करायचे? तिथे रॅचेटचे हातड्रिल घेऊन एकेका भोकाला घाम गाळावा लागे.

ही अडचण लोहचुंबकाने सोडवली. उर्दूत त्याला 'मिक्नातीस' म्हणतात. विजेवर चालणारे चुंबक इंग्लंडच्या विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये दाखवले. ते लहानपणी एका मोच्याकडे उमेदवारी करत होते. पुढे त्याच तत्त्वावर ड्रिल मशीनच्या पायात चुंबक बसले. बटण दाबले की मशीन गर्डरला चिकटते, मग गर्डर आडवा असो वा उभा. लोखंड मशीनकडे नेण्याऐवजी मशीन लोखंडाकडे जाऊ लागले.

दुसरी सुधारणा कटरची. साधे ड्रिल भोकातले सगळे पोलाद कातरून काढते. पोकळ, गोल कटर फक्त कडेची चकती कापते आणि मधला तुकडा अखंड बाहेर पडतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातले एव्हरेट हॉगेन यांनी असे कटर 'रोटाब्रोच' या नावाने रूढ केले. २० मिलिमीटरच्या बोल्टसाठी २२ मिलिमीटरचे भोक पाडले, तर मधला तुकडा साधारण १४-१५ मिलिमीटरचा निघतो. म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक पोलाद कापावेच लागत नाही. वेळ वाचतो, ताकद वाचते आणि भोकही स्वच्छ पडते.

आता मुद्द्याचे. वीज गेली की चुंबक सुटते. लोडशेडिंग आपल्याला नवे नाही. उंचीवर लावलेले जड मशीन सुटले तर खालच्या माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून ते साखळीने किंवा पट्ट्याने बांधलेच पाहिजे. गंज, जाड रंग किंवा कीस मध्ये आला तर पकड कमी होते. कांदाचाळीच्या पातळ अँगलवर तर चुंबक नीट धरतच नाही. कटर सुटताना मधला तुकडा गरमागरम बाहेर फेकला जातो. डोळ्यांना चष्मा हवा आणि फिरत्या कटरजवळ हातमोजे नकोत.

आपली कितीतरी मुले सातपूर, अंबडच्या कारखान्यांत किंवा आखाती देशांत हेच काम करतात. ती ते वस्तादाच्या हाताकडे पाहून शिकतात, कारण त्यांच्या भाषेत लिहिलेले फारसे काही हाती पडत नाही. उर्दू असो वा मराठी, भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवे. शायरी आणि अभंग शिकवावेतच, पण साखळी का बांधायची हेही मुलाला त्याच्या भाषेत वाचायला मिळायला हवे. किल्ल्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मनमाडच्या गर्डरांना भोके पाडणाऱ्यांची नातवंडे आपल्या वर्गात बसलेली असतील. त्यांच्या आजोबांचे काम काय होते, हे त्यांनी घरी विचारून वहीत लिहावे. सुरुवात तिथून करता येईल.