केक भाजता येतो ना, मग गिअर भाजा!

आज सुरुवात एका अगदी छोट्या फिल्मपासून करू. अमेरिकेच्या 'ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन'ने, म्हणजे तिथल्या सरकारच्या युद्धकाळातल्या माहिती खात्याने, 1943 साली काढलेली ही न्यूजरील. नाव मोठं गमतीचं आहे, 'ग्लॅमर गर्ल्स ऑफ '43'. पडद्यावर कारखाना दिसतो आणि मागून एका पुरुषाचा आवाज येतो. तो म्हणतो, ही बाई एरवी झग्याचं कापड बेतायची, आता विमानाचे भाग बेततेय. ही केक भाजायची, आता भट्टीत गिअर भाजतेय. फळांचा रस काढायचं यंत्र चालवता येतं ना? मग ड्रिल प्रेसही येईल! (हशा)

आपल्याला हसू येतं, पण ज्यांनी हे लिहिलं ते मूर्ख नव्हते. डिसेंबर 1941मध्ये पर्ल हार्बर झालं, लाखो पुरुष सैन्यात गेले आणि विमानं, जहाजं, दारूगोळा बनवायला हात कमी पडायला लागले. बायकांना कारखान्यात कामाला या अशी सक्ती करणारा कायदा अमेरिकेने केला नाही. मग मन वळवणं आलं. आणि थिएटरात बाई एकटी बसलेली नसे, शेजारी नवरा, सासू, वडील असत. बाईला यंत्राची भीती, घरच्यांना बाई हाताबाहेर जाईल याची भीती. स्वयंपाकघराची उपमा दोन्ही भीतींवर एकच औषध होती. यंत्र काही कठीण नाही, आणि ती आहे गृहिणीच, फक्त जागा बदलली.

त्याआधी, अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, 1941 साली 'विमेन इन डिफेन्स' नावाचा लघुपट निघाला होता. त्याचं निवेदन लिहिलं एलिनॉर रूझवेल्ट यांनी आणि वाचलं कॅथरिन हेपबर्न यांनी. म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीपासून हॉलिवूडच्या नायिकेपर्यंत सगळे कामाला लागले होते.

आता माझी तक्रार. 1940 साली अमेरिकेत साधारण 1 कोटी 20 लाख बायका कमावत्या होत्या, 1945पर्यंत तो आकडा 1 कोटी 90 लाखांच्या आसपास गेला. नव्याने बाहेर पडलेल्या पुष्कळ होत्याच. पण पहिला आकडा पुन्हा बघा. कमावणाऱ्या बायका आधीपासून होत्या! लाँड्रीत, हॉटेलात, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत होत्या. त्यांनी जास्त पगाराचं काम धरलं, एवढंच. विशेषतः गोऱ्यांच्या घरी मोलकरीण असलेल्या कृष्णवर्णीय बाईला जहाजाच्या गोदीतलं वेल्डिंग म्हणजे जन्मात न पाहिलेला पगार होता. संरक्षण उद्योगात वर्णभेद करायचा नाही, असा राष्ट्राध्यक्षांचा हुकूम जून 1941मध्ये निघाला होता. तरी तिच्या वाट्याला बऱ्याचदा झाडलोट आणि सगळ्यात घाण, धोक्याचंच काम आलं. या प्रचारपटांत ती जवळजवळ दिसत नाही. दिसते ती नीटनेटकी, गोरी, मध्यमवर्गीय बायको.

हा नुसता कोणाला दाखवलं, कोणाला नाही, एवढाच प्रश्न नाही. बाई स्वयंपाकघरातून आली असं एकदा लोकांच्या मनावर ठसवलं, की युद्ध संपल्यावर तिला 'परत' कुठे पाठवायचं हेही ठरून जातं. जी आधीही कमावत होती, तिने कुठे परत जायचं? पुन्हा दुसऱ्याची भांडी घासायला?

याच काळातला एक ब्रिटिश चित्रपट मला जास्त प्रामाणिक वाटतो. 'मिलियन्स लाइक अस', 1943. दिग्दर्शक फ्रँक लाँडर आणि सिडनी गिलियट. तिथे परिस्थिती वेगळी होती. डिसेंबर 1941च्या कायद्याने 20 ते 30 वयाच्या अविवाहित बायकांना युद्धसेवा सक्तीची झाली. त्यामुळे चित्रपटाचं काम भुलवण्याचं नाही, समजूत घालण्याचं. नायिका सिलियाला हवाई दलाचा रुबाबदार गणवेश हवा असतो, आणि सरकारी कचेरीतली बाई तिला सांगते की कारखाना. पोरीचा चेहरा पडतो. हे अमेरिकन न्यूजरीलमध्ये दिसायचं नाही. पुढे तिचा नवरा विमानातून मोहिमेवर जातो आणि मारला जातो. पण मला आठवतो तो दुसराच प्रसंग. फोरमन चार्ली आणि श्रीमंत घरची जेनिफर टेकडीवर बसलेत. तो म्हणतो, आत्ता आपण एकत्र आहोत खरे, पण युद्धानंतर हे असंच राहणार की सगळं पुन्हा जुन्या वळणावर जाणार? ते कळेपर्यंत मी लग्न करणार नाही. सरकारच्या पाठिंब्याने बनलेल्या चित्रपटात हा प्रश्न, आणि त्याला उत्तर दिलेलं नाही!

इथे जरा बाजूला जाऊन आपल्याकडचं सांगायला हवं. त्याच 1943 साली हिंदुस्थान सरकारने कोळसा खाणीत बायकांनी जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवली. त्यासाठी केक-गिअरच्या उपमा लागल्या नाहीत. महागाई आणि भूक होतीच. फेब्रुवारी 1944मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर टीका झाली, तेव्हा मजूरमंत्री म्हणून उत्तर द्यावं लागलं ते डॉ. आंबेडकरांना. ही निकडीपोटीची गोष्ट आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि सारख्या कामाला सारखा पगार हे तत्त्व इथे मान्य झालंय, याकडेही लक्ष वेधलं. 1946मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

पुन्हा अमेरिकेत येऊ. प्रचारपटांनी एक प्रश्न जवळजवळ टाळलाच. पोरं कोण सांभाळणार? काही ठिकाणी याचं उत्तर शोधलं गेलं. पोर्टलंडच्या स्वान आयलंड गोदीत कायझर कंपनीने नोव्हेंबर 1943मध्ये पाळणाघर काढलं. ते रात्रपाळीलाही उघडं असायचं, आणि घरी जाताना आईला तयार जेवण विकत मिळायचं. सप्टेंबर 1945मध्ये ते बंद झालं. सगळ्यांना पटलेली चांगली सोय, युद्ध संपल्याबरोबर गुंडाळली.

आणि बायकांचं म्हणणं काय होतं? अमेरिकेच्या श्रम खात्यातल्या महिला विभागाने युद्ध संपत असताना 10 औद्योगिक भागांत पाहणी केली. दर 4पैकी 3 बायकांना युद्धानंतरही नोकरी करायची होती. अवजड उद्योगांतून त्यांनाच भराभर काढलं गेलं.

1980 साली कॉनी फील्ड या दिग्दर्शिकेने 'द लाइफ अँड टाइम्स ऑफ रोझी द रिव्हेटर' हा माहितीपट केला. तिने एक साधी गोष्ट केली. जुने प्रचारपट लावले, आणि मधेमधे त्या काळात कारखान्यांत काम केलेल्या 5 बायकांना बोलू दिलं. त्यांतल्या 3 कृष्णवर्णीय. पडद्यावरचा निवेदक म्हणतो तसं नव्हतं, असं त्या शांतपणे, हसत हसत सांगतात. त्यांच्यातली एक ब्रुकलिनची वेल्डर. युद्धानंतर तिला वेल्डिंगचं काम मिळालं नाही. तिला एक सुंदर नक्षीदार लोखंडी फाटक बनवायचं होतं. एवढंच तर मागत होते, असं ती म्हणते, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थोडा वेळ थांबतो.