पेढीवरून बँकेत : नांदुऱ्याच्या उमेदवारांची पूर्वपीठिका

1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, आणि मुंबईहून भुसावळमार्गे निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपुरास पोचला, तेव्हा ज्ञानगंगेच्या काठचे आणि त्या काळी मलकापूर तालुक्यात मोडणारे नांदुरा हे या मार्गावरचे स्टेशन झाले. पलीकडच्या जलंबहून 1870 साली खामगावचा फाटा निघाला. अमेरिकेतील यादवी युद्धाने वऱ्हाडी कापसाला आणलेली तेजी तोवर ओसरली होती. परंतु कापसामागे धावणारा पैसा या टापूत कायमचा रुळला, आणि त्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांची गरजही त्याच्याबरोबरच आली.

आज येथील पदवीधर तरुण बँकेच्या मुलाखतीसाठी रेपो दर, थकीत कर्जे आणि अग्रक्रम क्षेत्र यांची घोकंपट्टी करताना दिसतात. त्यांच्या पणजोबांच्या पिढीची तयारी निराळी होती, आणि ती कमी कठोर होती असे मला वाटत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी जिभेवर असलेला, मोडी वळण स्वच्छ असलेला मुलगा कोणा परिचिताच्या शब्दावर पेढीवर ठेवला जाई. प्रथम पाणी भरणे, तगादे पोचविणे, मग रोजकीर्दीची नक्कल, आणि पुष्कळ काळ बिनपगारी उमेदवारी केल्यावर खतावणीला हात लावण्याची परवानगी. सायंकाळी शिल्लक आणि कीर्द यांचा ताळा जुळेपर्यंत कोणी उठत नसे, आणि एका आण्याच्या फरकासाठी दिवसभराच्या नोंदी पुन्हा तपासल्या जात. या मुलाची मुलाखत अशी कधी झालीच नाही. किंवा असे म्हणावे की मुनीम ती कित्येक वर्षे रोज घेत असे.

पारखीचा खरा कस हुंडीच्या लेखनात लागे. हुंडीत रक्कम लिहून झाल्यावर तिची निम्मी रक्कम लिहावयाची आणि तिची दुप्पट पुरी अमुक असा मजकूर जोडावयाचा, म्हणजे एक हजाराच्या हुंडीत ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार’ असे येई. कोणी एखादे शून्य वाढविले तरी निम्म्याशी मेळ बसेना, आणि लबाडी उघडी पडे. दर्शनी हुंडी दाखविताच पटवावयाची, मुदतीची हुंडी ठरल्या दिवशी, आणि शाहाजोग हुंडी केवळ बाजारात पत असलेल्या गृहस्थासच; म्हणजे पैसे द्यावयाचे कोणाला, हे ठरविण्यासाठी माणसांची पारख कारकुनाच्या अंगी असावी लागे. ही विद्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हती.

मात्र या पद्धतीचा गौरव करताना तिचा अन्याय झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पेढीचा दरवाजा ओळखीने उघडे. ज्याला जामीन नाही त्याला जागा नाही. 1921 साली स्थापन झालेल्या इंपीरियल बँकेतही रोकड विभागाची माणसे खजांची आपल्या जामिनकीवर नेमीत असत. कुणब्याच्या मुलाची, अस्पृश्य मानलेल्या कुटुंबातील मुलाची, किंवा कोणत्याही घरातील मुलीची जामिनकी कोण घेणार होते?

1904 च्या सहकारी कायद्याने ही भिंत थोडी खचली. 19 जुलै 1969 रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शाखा गावोगाव निघू लागल्या, तेव्हा ती खऱ्या अर्थाने कोसळू लागली. एवढी माणसे निवडावयाची कशी, या प्रश्नातून 1975 साली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत कर्मचारी-निवडीचा विभाग निघाला, आणि 1984 साली त्यातूनच स्वतंत्र ‘आयबीपीएस’ उभी राहिली. 2011 पासून बहुतेक सरकारी बँकांसाठी एकच सामाईक लेखी परीक्षा आली. टंकलेखनाचे वर्ग, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, अकोला-अमरावतीच्या केंद्रासाठी पहाटे धरलेली गाडी, हे सारे राष्ट्रीयीकरणानंतरच्या तयारीचे अंग होते. लिपिकांची मुलाखत पुढे बंद झाली, आणि अधिकाऱ्यांच्या निवडीत लेखी परीक्षेस 80 तर मुलाखतीस 20 असे वजन राहिले. अनोळखी मुलगी केवळ आपल्या गुणांवर खुर्चीत बसू शकते, ही या शतकाची मोठी कमाई आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

तरीही त्या वीस टक्क्यांत परीक्षक जे शोधतात ते मुनीम शोधत असे तेच आहे: हा माणूस दुसऱ्याचा पैसा सांभाळील काय? आपल्या जिल्ह्याविषयी सांगा, असे विचारताच आमची मुले लोणारचे सरोवर आणि जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा यांची नावे घेऊन थांबतात. ती अभिमानाने घ्यावीतच. परंतु कापसाच्या बाजारात शेतकऱ्याचे वजन कसे होते, चुकारा किती दिवसांनी मिळतो, पीककर्ज कोठे अडते, 1998 साली आलेल्या किसान क्रेडिट कार्डाने काय बदलले, हे जो स्वतः पाहून आला त्याला पाठांतराची गरज उरत नाही.

म्हणून नांदुऱ्याच्या उमेदवारांना माझी विनंती आहे, की मुलाखतीपूर्वी एक दिवस बाजार समितीत आणि एक दिवस गावातील एखाद्या जुन्या व्यापाऱ्याजवळ घालवावा. आणि ज्या घरांच्या माळ्यावर मोडीतल्या कीर्दी अद्याप पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता या मुलांपुढे उघडाव्यात.