सात डॉलरांची लढाई : मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीचा इतिहास

अमेरिकन यादवी युद्धात ज्या पलटणींची नावे युद्धेतिहासाच्या बाहेर, म्हणजे साहित्यात आणि कलेत पोहोचली, त्यांत मॅसॅच्युसेट्स राज्याची ५४वी पायदळ पलटण अग्रगण्य म्हणावी लागेल. ऑगस्टस सेंट-गॉडेन्स या शिल्पकाराने घडविलेले तिचे ब्राँझ शिल्प १८९७ पासून बॉस्टनमध्ये उभे आहे. रॉबर्ट लॉवेल यांची १९६० सालची ‘फॉर द युनियन डेड’ ही कविता त्याच शिल्पाभोवती फिरते. १९८९ साली आलेल्या ‘ग्लोरी’ या चित्रपटाने तर ही पलटण घरोघरी पोहोचविली. शिल्प पलटणीच्या प्रयाणाचा क्षण दाखविते, कविता तिच्या गोऱ्या कर्नलच्या प्रतिमेकडे पुन्हापुन्हा वळते आणि चित्रपट त्या कर्नलच्या मृत्यूपाशी संपतो. ती तारीख होती १८ जुलै १८६३. पलटण मात्र त्यानंतर आणखी दोन वर्षे लढत होती, आणि ती लढाई केवळ शत्रूशी नव्हती. आमच्या मते या पलटणीच्या इतिहासाचा गाभा त्या दोन वर्षांत आहे. तो कलाकृतींतून का निसटला असावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याने कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याची वाट मोकळी केली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी अशी पलटण उभारण्याची परवानगी मिळविली. बॉस्टनजवळ रीडव्हिल येथे छावणी पडली. राज्यातील कृष्णवर्णीय लोकसंख्या लहान असल्याने भरतीसाठी पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो असा मोठा मुलूख पालथा घालावा लागला. फ्रेडरिक डग्लस यांनी आपल्या लेखणीने तरुणांना हाक दिली आणि स्वतःचे दोन मुलगे, लुईस व चार्ल्स, पलटणीत धाडले. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रपट पाहिलेल्यांना वाटते की हे शिपाई बहुतांशी पळून आलेले गुलाम होते. वस्तुतः त्यांतील बहुसंख्य उत्तरेतील स्वतंत्र नागरिक होते : शेतकरी, मजूर, न्हावी, खलाशी, आणि पुष्कळ जण लिहितावाचता येणारे. हा तपशील पुढील हकिकतीसाठी महत्त्वाचा आहे, कारण या पलटणीचा खरा इतिहास आपल्याला कळतो तो तिच्या शिपायांनी पत्रे लिहिली म्हणून.

अधिकारी मात्र गोरे. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ हा गुलामगिरीविरोधी, श्रीमंत घराण्यातील पंचवीस वर्षांचा तरुण. २८ मे रोजी पलटण बॉस्टनच्या रस्त्यांतून संचलन करीत बंदरावर गेली आणि जहाजाने दक्षिण कॅरोलायनाकडे निघाली. १८ जुलैच्या संध्याकाळी चार्ल्सटनच्या तोंडाशी असलेल्या मॉरिस बेटावरील वॅग्नर किल्ल्यावर तिने चढाई केली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. सुमारे सहाशे शिपाई पुढे गेले. त्यांपैकी जवळजवळ निम्मे ठार, जखमी वा बेपत्ता झाले. शॉ तटावर पडला. शत्रूने अवहेलनेच्या बुद्धीने त्याला त्याच्याच काळ्या शिपायांबरोबर एका खड्ड्यात पुरले. त्याच्या वडिलांनी ते दफन अभिमानाने मान्य केले आणि देह हलवू नये असे कळविले. सार्जंट विल्यम कार्नी जखमी अवस्थेत निशाण घेऊन परतला. त्याबद्दलचे पदक त्याला १९०० साली, म्हणजे सदतीस वर्षांनी मिळाले. वरिष्ठ अधिकारी पडल्यामुळे त्या रात्री उरलेल्या पलटणीचे नेतृत्व लुईस एमिलिओ या अवघ्या अठरा वर्षांच्या कॅप्टनकडे आले. पुढे १८९१ साली पलटणीचा इतिहास त्यानेच लिहिला.

आता पगाराची गोष्ट.

भरतीच्या वेळी या शिपायांना वचन दिले होते की त्यांना गोऱ्या शिपायांइतकेच वेतन मिळेल. म्हणजे महिना तेरा डॉलर आणि वर कपडे. वेतनवाटपाची वेळ आली तेव्हा सरकारने १८६२ च्या मिलिशिया कायद्याचे कलम पुढे केले. त्या कायद्यानुसार कृष्णवर्णीयाला महिना दहा डॉलर, आणि त्यांतून तीन डॉलर कपड्यांचे कापून घ्यायचे. हातात सात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खंदक खणणारे, ओझी वाहणारे मजूर होते. बंदूकधारी शिपाई नव्हते. या हिशेबाने काळा सार्जंट गोऱ्या साध्या शिपायापेक्षा कमी पगाराचा ठरला. वॅग्नरपूर्वी शॉने गव्हर्नरला कळविले होते की पुरते वेतन द्या, नाहीतर पलटण सेवेतून मोकळी करा. तो गेला आणि प्रश्न राहिला. पलटणीने सात डॉलर घेण्यास नकार दिला, आणि हा नकार तिने सुमारे दीड वर्ष निभावला. ‘ग्लोरी’त ही हकिकत एका दृश्यात, वेतनाचे कागद फाडण्यात आटोपते, आणि त्या दृश्याचा शेवट शॉनेच स्वतःचा कागद फाडण्याने होतो. प्रत्यक्षातील नकाराचा फार मोठा भाग शॉच्या मृत्यूनंतरचा आहे. तो शिपायांचा आहे.

नोव्हेंबर १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने उदारपणे ठरविले की फरकाची रक्कम राज्य आपल्या तिजोरीतून देईल. पलटणीने तीही नाकारली! ज्यांच्या घरी बायकामुलांची आबाळ चालली होती, अशा माणसांनी तेरा डॉलर पुरे होत असतानाही हात आखडता घेतला. त्यांचे म्हणणे असे की प्रश्न रकमेचा नाही. राज्याने भरपाई केली तर केंद्र सरकारने लावलेला कमी दर आम्ही मान्य केला असा अर्थ होईल. हा युक्तिवाद एखाद्या वकिलाला शोभणारा आहे, आणि तो वॅग्नरच्या वेढ्यात खंदक खणलेल्या माणसांनी केला आहे.

याच सुमारास कॉर्पोरल जेम्स हेन्री गूडिंग याने २८ सप्टेंबर १८६३ रोजी थेट राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहिले. गूडिंग हा न्यू बेडफर्डचा, देवमासे मारणाऱ्या जहाजांवर काम केलेला. तेथे असताना त्याने कविताही रचल्या होत्या. युद्धकाळात तो आपल्या गावच्या वृत्तपत्राला नियमित बातमीपत्रे धाडीत असे. लिंकन यांना त्याने विचारलेला प्रश्न साधा होता : आम्ही शिपाई आहोत की मजूर? आम्ही शिपायाचे काम केले आहे, तर शिपायाचे वेतन का नाही? पत्राचा सूर विनयाचा आहे, पण त्या विनयात लाचारी नाही. वाक्ये छोटी, प्रश्नार्थक, एकावर एक रचलेली. अर्जाच्या साच्यात राहून अर्जदाराचे दुय्यमपण नाकारणारी. एक गोष्ट मात्र आम्हांला खटकते. आम्ही स्वतंत्र माणसे आहोत, मुक्त केलेले गुलाम नव्हेत, या भेदाचा आधार तो घेतो. त्याच्या परिस्थितीत हे समजण्यासारखे आहे. परंतु पुढे सरकारने नेमका हाच भेद कायद्यात घातला.

नकाराची किंमत काय होती, हे दक्षिण कॅरोलायनाच्या तिसऱ्या पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर याच्या उदाहरणावरून कळते. कमी वेतनाच्या निषेधार्थ त्याने आपल्या शिपायांकडून कॅप्टनच्या तंबूसमोर शस्त्रे खाली ठेवविली. लष्करी न्यायालयाने हे बंड ठरविले आणि २९ फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. नऊच दिवसांपूर्वी त्याच मुलखात ऑलस्टीची लढाई झाली होती. संघराज्याच्या फौजेचा तेथे सपशेल पराभव झाला, अठराशेहून अधिक माणसांची हानी झाली आणि माघार घेणाऱ्या सैन्याची पाठराखण ५४व्या पलटणीने केली. लढाईत उतरताना या शिपायांची आरोळी होती ती मॅसॅच्युसेट्सच्या नावाची आणि महिना सात डॉलरांची, जे सात डॉलर त्यांनी घेतलेलेच नव्हते! इतका कडवट विनोद युद्धाच्या इतिहासात क्वचित सापडेल. माघारीत जखमींनी भरलेल्या आगगाडीचे इंजिन बंद पडले, तेव्हा थकलेल्या पलटणीने दोर बांधून ती गाडी हाताने ओढली.

१५ जून १८६४ रोजी काँग्रेसने समान वेतन मंजूर केले. त्यातली मेख अशी की सैन्यात दाखल झाल्यापासूनचा पूर्ण फरक फक्त त्यांना, जे १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र होते. ५४व्या पलटणीतही काही जण त्या दिवशी गुलाम होते. शॉनंतरचा कर्नल एडवर्ड हॅलोवेल याने यावर एक शपथ तयार केली. हॅलोवेल क्वेकर घराण्यातला. त्या तारखेस आपण कोणाचेही बिनमोबदला श्रम देणे लागत नव्हतो, एवढेच शिपायाने शपथेवर सांगायचे. मानवी कायद्याने गुलाम असलेला माणूसही ईश्वरी न्यायाने कोणाचे काही देणे लागत नाही. तेव्हा शपथ खोटी नव्हती. शब्दांच्या निवडीने कायद्याचा काटा काढल्याचे हे उदाहरण वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी जपून ठेवावे. सप्टेंबरअखेर पैसे वाटले गेले. एकट्या ५४व्या पलटणीसाठी सुमारे १ लाख ७० हजार डॉलर लागले.

उरलेली सेवा भरकन सांगता येईल. ३० नोव्हेंबर १८६४ ला हनी हिल, १८ एप्रिल १८६५ ला, म्हणजे ली शरण आल्यावर नऊ दिवसांनी, बॉयकिन्स मिल. २० ऑगस्टला सेवामुक्ती आणि सप्टेंबरच्या आरंभी बॉस्टनला अखेरचे संचलन. मधल्या काळात स्टीफन स्वेल्स या सार्जंटला गव्हर्नरने लेफ्टनंट नेमले होते, पण युद्धखात्याने ती नेमणूक मान्य करायला जानेवारी १८६५ उजाडला.

पलटण विसर्जित झाल्यावर आठ वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. ही अर्पणपत्रिका आपण वर्गात आवर्जून वाचतो. वाचताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा लिंकन असतात, फार तर शॉसारखे गोरे हितकर्ते. त्या सदाचारी लोकांत रीडव्हिलच्या छावणीतले न्हावी, खलाशी आणि मजूरही धरले पाहिजेत, असे आम्हांला वाटते. फुल्यांच्या एकूण विचाराशी ते सुसंगतच ठरेल.

सेंट-गॉडेन्सच्या शिल्पात शिपायांचे चेहरे वेगवेगळे, जिवंत आहेत. पण सामान्य शिपायांची नावे त्या स्मारकावर कोरली गेली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यांचे शब्द ग्रंथरूपाने यायलाही तितकाच वेळ लागला. गूडिंगची पत्रे १९९१ मध्ये, तर फिलाडेल्फियाचा सुतार-सार्जंट जॉर्ज स्टीफन्स याची पत्रे १९९७ मध्ये पुस्तकरूपात आली. गूडिंग ऑलस्टीला जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला होता. जॉर्जियातील अँडरसनव्हिलच्या बंदीछावणीत १९ जुलै १८६४ रोजी तो मेला. समान वेतनाचा कायदा त्याआधी महिनाभर झाला होता, आणि वेतनवाटपाला अजून दोन महिने होते.