दात्याचे नाव

पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे अपभ्रंश काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिले आणि १९३१ साली ते आमच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथून प्रसिद्ध झाले. ज्या ग्रंथमालेत ते निघाले तिला अंबादास चवरे यांचे नाव आहे. ग्रंथभांडार जैनांचे आणि दाताही जैनच, त्यामुळे त्या नावाचे कोणाला ओझे वाटण्याचे कारण नव्हते. मुंबईच्या बेने इस्राएल समाजाला आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी जो पैसा उभारावा लागला, त्याची कथा इतकी सरळ नाही.

ज्यू धर्मशास्त्रात एक मार्मिक भेद आहे. धर्मग्रंथ शिकवण्याचे मोल घेऊ नये; शिक्षकाचा जो वेळ मोडतो त्याची भरपाई तेवढी घ्यावी. (वेतन आयोगाच्या थकबाकीचा हिशेब करणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना हा भेद ऐकायला सोपा जात नाही.) पण ही भरपाई कोणी द्यायची? तेलाचे घाणे चालवून कोकणात गुजराण केलेल्या, मराठी बोलणाऱ्या या समाजाकडे पैसा बेताचाच. मिशनऱ्यांच्या शाळा होत्या. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून सिद्ध केले. तेथे फीचा प्रश्न गौण होता. अपेक्षा होती ती धर्मांतराची. तरी फळ नेहमी अपेक्षेप्रमाणे आले नाही. मिशनच्या संस्थेत शिकलेले जोसेफ यहेज्केल राजपूरकर पुढे डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी ज्यू प्रार्थना मराठीत आणल्या.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली समाजाची स्वतःची शाळा काढली, तीही लोकवर्गणीवर तगणारी नव्हती. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडे त्यांना हात पसरावा लागला. पुढे माझगावच्या या शाळेला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. कदूरी मूळचे बगदादचे, शांघाय-हाँगकाँगचे धनिक. मुंबईतील बगदादी ज्यूंपैकी अनेकजण बेने इस्राएलांना अस्सल ज्यू मानायला तयार नव्हते, हे ध्यानी घेतले म्हणजे या नामकरणातली बोच कळते.

मैमोनिदेस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणाऱ्याला पायावर उभे करणारे दान सर्वांत वरचे. त्याखालोखाल, देणारा-घेणारा परस्परांना अनोळखी असतील ते. शाळेचे दान पहिल्या पायरीवर बसते, दात्याची पाटी त्याला खाली ओढते. तरीही केहीमकरांना दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. पूर्ण फी आकारली असती तर गरिबांची मुले पुन्हा मिशनच्याच दारात गेली असती.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली. तोवर माझगावच्या शाळेतील बाके बहुतांशी मुसलमान मुलांनी भरली होती. शाळेच्या नावात कदूरी आजही आहेत. बाकांवरच्या मुलांना ते कोण होते हे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि ही मुले कदूरींच्याही कल्पनेत नव्हती.