मुंबईच्या प्लेगचा आलेख

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. त्यानंतर हा रोग वर्षानुवर्षे हिवाळ्यात उसळी घेई आणि उन्हाळा सरता सरता ओसरे. शहरातल्या प्लेगमृत्यूंची आठवडेवार नोंद होत होती. त्यातल्या १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातल्या आकड्यांना पुढे साथींच्या गणितात कायमची जागा मिळाली.

हे आकडे वापरणारे दोघे संशोधक एडिंबरोचे. अँडरसन मॅकेन्ड्रिक भारतीय वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. गणिताची वाट त्यांना मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्या सहवासात सापडली. विल्यम केरमॅक रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, तरी संशोधन थांबले नाही. १९२७ मध्ये दोघांचा निबंध रॉयल सोसायटीने छापला.

साथ थांबते कशामुळे, हा त्यांचा प्रश्न होता. लागण होण्याजोगी माणसे संपतात म्हणून, की जंतू दुबळा होतो म्हणून? दोन्हींची गरज नाही, असे त्यांच्या समीकरणांनी दाखवले. त्यांनी लोकसंख्येचे तीन गट मानले: लागण होऊ शकणारे, बाधित, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. बाधिताची पहिल्या गटातल्या माणसांशी गाठ पडते तेव्हा रोग पसरतो. पहिल्या गटाची दाटी एका मर्यादेखाली उतरली की नवे रुग्ण घटू लागतात, आणि बरीच माणसे लागण न होताच वाचतात. मर्यादेची ही कल्पना या निबंधाचे खरे धन आहे.

पडताळ्यासाठी मुंबईचे आकडे मांडले, तेव्हा आठवड्याला ८९० मृत्यूंच्या शिखराची सममित वक्ररेषा त्यांच्याशी छान जुळली. मात्र माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचा पडसाद आहे आणि समीकरणांतले दर वर्षभर स्थिर राहत नाहीत, हे लेखकांनी स्वतःच नोंदवले होते. पुढच्या पाठ्यपुस्तकांत आलेख राहिला, हा इशारा बहुधा गळला. खरे तर चढून उतरणाऱ्या बहुतेक साथींना अशी रेषा बसवता येते. केवळ जुळणीने कारण सिद्ध होत नाही. २०१२ मध्ये निकोला बाकाएर यांनी उंदीर, पिसवा आणि ऋतुमान धरून मुंबईची साथ पुन्हा मांडली, आणि दरवर्षी परतणाऱ्या त्या लाटेत ऋतूचा मोठा वाटा दिसून आला.