शेकोटीचा गुन्हा

हेडफोन लावलेत? मग आज थंडीत जाऊया.

सध्या मोबाईलवर एक प्रकार जोरात चाललाय. एकटा माणूस ओल्या जंगलात शिरतो, काटक्या गोळा करतो, लोखंडी पट्टीवर ठिणगी पाडतो, फांद्यांचा आडोसा उभा करतो आणि गारठ्यात रात्र काढतो. बोलत काहीच नाही, फक्त लाकूड तडतडल्याचा आवाज. याला बुशक्राफ्ट म्हणतात. कॅनडातल्या मॉर्स कोचान्स्की यांनी त्यावर पुस्तकं लिहिली, ब्रिटनच्या रे मिअर्स यांनी तो टीव्हीवर नेला. मला हे व्हिडिओ आवडतात, खोटं कशाला बोलू! पण मी लासलगावचा. आमच्या निफाड तालुक्यात हिवाळ्याची रात्र एकट्यानं उघड्यावर काढणं हा छंद नव्हता, ते काम होतं. आणि एका काळात काही माणसांसाठी तो चक्क गुन्हा होता. आजचा भाग त्यावर.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. लासलगाव म्हटलं की कांदा, हे तुम्हाला माहीत आहे. पण हिवाळ्यात आमचा तालुका बातम्यांत येतो तो थंडीमुळे. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथला पारा डिसेंबर-जानेवारीत कित्येकदा ५ अंशांच्या खाली उतरतो. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, इंग्रजांच्या काळातला. गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे इथूनच निघतात. बंधाऱ्यामागं वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ पसरलं, बेटं तयार झाली, आणि काठानं बाभूळ, करंज, जांभूळ अशी झाडी. पहाटे धुकं इतकं की दहा पावलांवरचं झाड दिसत नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून हीच जागा जाहीर झाली. ओलं जंगल आणि कडाक्याची थंडी, दोन्ही आमच्या तालुक्यातच.

आता या असल्या जागी रात्र काढायची असेल तर थंडीपेक्षा मोठा शत्रू कोण? ओल. दव पडतं, कपडे भिजतात, आणि भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून आपल्याकडचा सगळा जुना सरंजाम ओलीशी लढायला होता.

घोंगडी घ्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ लावून कडक केलेली. अंगाला टोचते, हे खरं. पण लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, आणि दव वरच्या वर अडतं. मेंढपाळ तिची खोळ करून डोक्यावरून घेतो, तेव्हा तो त्याचा रेनकोट. रात्री अंथरतो तेव्हा तीच गादी. सकाळी खांद्यावर टाकली की सामान आवरलं! खाली मात्र काहीतरी लागतंच, कारण ओली जमीन पाठीतून गारठवते. उसाचं पाचट, बाजरीचं सरमाड, जे मिळेल त्याचा हातभर थर.

आणि आग. इथं मला थोडं रेंगाळायचंय, कारण सगळ्यात भारी भाग हाच आहे. काडेपेटी घरोघर पोचण्याआधी माणसाच्या कनवटीला चकमक असायची. म्हणजे पोलादाचा छोटा तुकडा, एक गारगोटी, आणि बांबूच्या नळीत दाबून भरलेला सावरीचा कापूस किंवा अर्धवट जाळलेली चिंधी. बऱ्याच जणांना वाटतं, ठिणगी दगडातून निघते. नाही! गारगोटी पोलादापेक्षा कठीण असते, तिच्या धारेनं पोलादाचा बारीक कीस निघतो आणि घर्षणानं तापलेला तो कीस हवेत पेट घेतो. ठिणगी लोखंडाची असते. ती कापसावर झेलायची, हळू फुंकायची, धुमसायला लागलं की वाळल्या गवताच्या पुंजक्यात ठेवायची. नळीला बूच घट्ट हवं, कारण कापूस सादळला की सगळं संपलं.

गारगोटीची आपल्याकडे ददात नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत अशी खनिजं तयार झाली. सिन्नरला तर गारगोटी याच नावाचं म्युझियम आहे, सुट्टीत जाऊन या. शेजारच्या प्रवरेकाठी जोर्वे इथं तीनेक हजार वर्षांपूर्वी राहणारी माणसं याच जातीच्या दगडाची बारीक पाती काढायची. तेव्हा ती कापायला होती. पुढे लोखंड आलं आणि त्याच दगडातून आगीची सोय झाली. यज्ञातली अरणी ही त्याहून वेगळी रीत, लाकडावर लाकूड घुसळून अग्नी काढायची. ती मंत्रांसोबत टिकली. चकमक मात्र बिडी पेटवणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खिशात टिकली आणि त्यांच्याबरोबरच गेली. १९२३ साली विम्को कंपनी सुरू झाली आणि काडेपेटी स्वस्तात गावोगाव आली, मग पोलादाचा तुकडा कोण सांभाळतो?

ओल्या लाकडाचंही एक शास्त्र आहे. जमिनीवर पडलेलं लाकूड पाणी पितं, म्हणून झाडावर उभी वाळलेली फांदी मोडायची. वरून ओली असली तरी फोडली की आत कोरडी निघते. सुरुवात तुराट्यांनी, मग बारीक काटक्या, मग बाभळीचा ओंडका, कारण बाभळीचा निखारा बराच वेळ टिकतो. झोपताना विस्तवावर राख ओढायची, पहाटे राख बाजूला केली की खाली लाल डोळा उघडतो. (अंगार तंबूत किंवा बंद खोपटात घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. हे रील्समध्ये कुणी सांगत नाही.)

हे सगळं कोण जाणत होतं? मेंढ्या घेऊन हिंडणारा धनगर, जो लांडग्याच्या भीतीनं वाघरीच्या जाळ्याशेजारी जागा राहायचा. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून गोफण चालवणारा राखणदार. गावचा जागल्या, आणि आमच्या भागात हे काम बऱ्याचदा भिल्लांकडे असायचं. आणि फासेपारधी, जे तित्तिराचा आवाज इतका हुबेहूब काढायचे की तित्तीर उत्तर द्यायचा.

मग कायदे आले. १८६५ साली पहिला जंगल कायदा, १८७८ साली त्याहून कडक. जंगलाचा मोठा भाग ‘राखीव’ झाला. १९२७ च्या कायद्यातलं २६ वं कलम वाचा. राखीव जंगलात शिरणं, गुरं चारणं, मनाई असताना विस्तव पेटवणं, सगळं गुन्ह्यात. जंगल वाचवण्याचं कारण होतं, पण रेल्वेला आणि जहाजांना लागणारं लाकूडही होतं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं, त्यात जंगलखात्यामुळे गुरामेंढरांवर जगणाऱ्यांची कशी कोंडी झाली हे आलंय. म्हणजे त्या काळीच हे दिसत होतं. १९३० मध्ये चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तो याच रागाचा पुढचा टप्पा.

फिरत्या जमातींसाठी तर आणखी वाईट. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला, आणि १९११ च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही लागू करता आला. ज्या जमातीवर शिक्का बसला तिच्या माणसांची नोंदणी, हजेरी, गाव सोडायचं तर पास. रात्री पासाशिवाय भलत्या ठिकाणी सापडला तर त्यानं काय केलं हा प्रश्नच नाही, तो तिथं आहे एवढं पुरे. पारधी या यादीत होते. एकट्यानं रानात रात्र काढायचं ज्यांचं कौशल्य सगळ्यात जुनं, त्यांच्याच अंगाला ते चिकटलं.

आणि आता ही तारीख बघा. १९०८ साली लंडनमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचं ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ आलं. मुलांनो, रानात जा, माग काढायला शिका, शेकोटी पेटवा, उघड्यावर झोपा, यानं चारित्र्य घडतं! हे बेडन-पॉवेल तरुणपणी हिंदुस्थानातल्या घोडदळात होते, माग काढण्याचं शिक्षण त्यांनी आपल्या शिपायांना इथंच दिलं. त्या पुस्तकानंतर तीन वर्षांनी १९११ चा कायदा. सरकार तेच, साम्राज्य तेच. एका पोराला शेकोटीबद्दल बिल्ला, दुसऱ्याला हजेरी. मला हा योगायोग वाटत नाही. कौशल्य एकच होतं, ते कुणाच्या हातात आहे यावरून त्याचं नाव ठरत होतं.

तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून ती तारीख विमुक्त दिन. संशय मात्र कायद्याबरोबर गेला नाही, हे कुठल्याही पारधी कुटुंबाला विचारा.

एक खुलासा. हे ऐकून कुणी चकमक घेऊन नांदूरमध्यमेश्वरला निघालं असेल तर थांबा. १९८६ पासून ते अभयारण्य आहे, तिथं मुक्काम आणि शेकोटी चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. हिवाळ्यात तिथं हजारो किलोमीटरवरून बदकं आणि क्रौंच उतरतात. सराव करायचा तर कुणाच्या शेतात, मालकाला विचारून करा.

कारण तिथं अजूनही माणसं एकट्यानं रात्र काढतायत. पारा फार उतरला की द्राक्षवाले पहाटे तीन-चारला बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. उन्हाळ कांद्याची लागवड याच दिवसांत, आणि कृषी पंपाची वीज कित्येक वर्षं आठवड्यातले काही दिवस रात्रीच येत आलीय. मग शेतकरी कानटोपी घालून, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात बॅटरी, मोबाईलवर गाणी लावून पाणी भरतो. गाणी करमणुकीसाठी नाहीत. शेजारच्या उसात बिबट्या असला तर त्याला माणसाची चाहूल लागावी म्हणून. बांधावर तुराट्यांची छोटी शेकोटी असते. दर अर्ध्या तासानं तो तिथं येतो, हात शेकतो, आणि वीज जायच्या आत पुढचा वाफा गाठायला परत पाण्यात उतरतो.