अहमदीचा धक्का, नाट्याची खाडी

साखरी नाट्याचे एक चाचा माझ्या वडिलांचे जिवलग. १९५८च्या सुमारास ते कुवेतला गेले. मुसाकाजी बंदरात आगबोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची. पडावातून तिच्यापर्यंत जायचं, रात्रभर उलट्या सोसत भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि पुढे ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘द्वारका’ बोटीच्या डेकवर पथारी टाकून आखात गाठायचं. वडील आणि चाचा आमच्या पडवीत बसले की हे सगळं पुन्हा पुन्हा निघे. आम्ही मुलं सुपारी कातरणाऱ्या आजीच्या बाजूला बसून ऐकायचो.

चाचांना काम मिळालं ते मीना अल-अहमदीच्या धक्क्यावर, टँकरचे दोर बांधण्याचं. दर्यावर वाढलेल्या माणसाला दोर आणि भरती-ओहोटी कोणी शिकवावी लागत नाही. ते सांगायचे, “जहाज रिकामं आलं की त्याचं लाल पोट वर दिसायचं, माडाएवढं उंच. तेल भरत गेलं की ते हळूहळू पाण्यात बसायचं. बसेल तसा दोर सैल करायचा. विसरलास तर दोर तुटून माणूस कापला जाईल.” पगार रुपयांत. त्या काळी कुवेत, बहारीन, कतार सगळीकडे आपलाच रुपया चाले. १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. चाचांनी त्यातली एक लाल दहाची नोट जपून ठेवली होती. १९६१मध्ये कुवेतचा दिनार आला आणि ती नोट निरुपयोगी झाली, पण आईच्या हातात पहिली कमाई दिली ती त्याच नोटांनी, म्हणून त्यांनी ती मोडली नाही.

त्या धक्क्यावरचं तेल तेव्हा कुवेतचं नव्हतं. कुवेत ऑइल कंपनी निम्मी ब्रिटिशांची, निम्मी अमेरिकेच्या गल्फ ऑइलची. १९७५मध्ये ती पूर्णपणे कुवेत सरकारकडे आली. चाचा त्या वेळी तिथेच होते. साहेब बदलले, वर्दी बदलली, दोर तेच राहिले. पण १९८०मध्ये सरकारने स्थापलेल्या कुवेत पेट्रोलियम कॉर्पोरेशनने पुढच्या तीनच वर्षांत गल्फ ऑइलचे बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्क, स्वीडनमधले पंप विकत घेतले आणि १९८६पासून त्यांवर ‘क्यू-८’ची पाटी लावली. मालकाचं दुकान एके काळच्या ताबेदाराने घ्यावं, याचं चाचांना फार कौतुक वाटे. मलाही वाटतं. तेल विहिरीतून काढणं हा धंद्याचा अर्धा भाग. ते कोण शुद्ध करतो आणि कोणाच्या टाकीत ओततो, हा उरलेला अर्धा, आणि मंदीच्या काळात तोच तारतो.

सौदी अरेबियाला हे मंदीनेच शिकवलं. १९८०-८१मध्ये सौदी दिवसाला कोटीभर बॅरल तेल काढत होता; १९८५पर्यंत तो आकडा जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर घसरला, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं होतं. मग सौदीच्या आरामकोने गिऱ्हाइकाच्या घरातच भागीदारी घ्यायला सुरुवात केली. १९८८मध्ये अमेरिकेत टेक्साकोबरोबर, १९९१मध्ये दक्षिण कोरियात, पुढे चीन-जपानात, २०१८मध्ये मलेशियात. रिफायनरीत निम्मा वाटा असला की तिथे आपलं तेल खपणार, हे ठरून जातं. आपल्याकडेही हे नवं नाही. १९६५च्या करारात इराणच्या सरकारी तेल कंपनीने मद्रास रिफायनरीत १३ टक्के वाटा घेतला, आणि तिथे शुद्ध व्हायचं ते इराणचंच तेल. त्याच वर्षी आपल्या सरकारनेही इराणच्या समुद्रात तेल शोधायला एक कंपनी काढली. आजची ओएनजीसी विदेश ती हीच.

म्हणून २०१८ साल मला फार महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारीत इंडियन ऑइल, ओएनजीसी विदेश आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांनी मिळून अबुधाबीच्या समुद्रातल्या लोअर झाकुम तेलक्षेत्रात दहा टक्के वाटा घेतला. एप्रिलमध्ये आरामकोने आणि जूनमध्ये अबुधाबीच्या अ‍ॅडनॉकने रत्नागिरी रिफायनरीत यायचं मान्य केलं. वर्षाला सहा कोटी टन क्षमता, निम्मा वाटा आखाताचा, निम्मा आपल्या तीन सरकारी कंपन्यांचा. जागा नाणारची, आमच्याच राजापूर तालुक्यातली. आयुष्यभर आम्ही तेलाकडे जात आलो होतो, आता तेल आमच्याकडे येणार होतं. लोकांनी विरोध केला आणि मार्च २०१९मध्ये नाणारची जागा रद्द झाली. जानेवारी २०२२मध्ये राज्य सरकारने केंद्राला पत्र लिहून रिफायनरीसाठी त्याच तालुक्यातलं बारसू आणि कच्च्या तेलाच्या टर्मिनलसाठी नाट्यात २,१४४ एकर जागा सुचवली.

नाट्याचं नाव कागदावर आलं तेव्हा चाचा ऐंशीच्या पुढे होते. आखाताच्या पैशावर घर उभं केलेला माणूस तेलाच्या विरोधात कसा जाईल, असं गावातल्या काही पोरांना वाटायचं. पोरांना नोकऱ्या हव्या होत्या, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. मुंबईला जाऊन खोलीत सात जणांनी झोपण्यापेक्षा घरचा पगार कोणाला नको? पण चाचा नोकरीबद्दल बोलत नव्हते. त्यांनी धक्का जवळून पाहिला होता. कच्च्या तेलाचं मोठं जहाज भरलेलं असलं की पाण्याखाली वीसेक मीटर असतं. ते खाडीत शिरत नाही, बाहेर खोल समुद्रात बोयाला बांधतात आणि तेल नळाने किनाऱ्यावर आणतात. त्या बोयाभोवती आणि नळावर मच्छीमारांना जाळं टाकू देत नाहीत.

एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, पोलीस आले, बायका उन्हात सड्यावर बसल्या. सगळ्या वर्तमानपत्रांत कातळशिल्पं, आंबा आणि राजकारण होतं. नाट्याच्या समुद्राबद्दल मला तिथे फारसं काही सापडलं नाही. दोन देशांच्या कंपन्या वाटाघाटी करतात तेव्हा तेलाचा भाव, वाटा आणि पुरवठा ठरतो, आणि ते ठरायलाच हवं. पण टँकर जिथे उभा राहणार त्या पाण्यात रोज पहाटे ज्यांच्या होड्या जातात, त्यांना कराराआधी विचारायला हवं होतं, असं मी ठामपणे म्हणतो. आखातात दोर बांधलेली माणसं इथे घराघरात होती. भरलेल्या जहाजाला वळायला किती पाणी लागतं, वाऱ्यावर ते कुठे सरकतं, दोर कधी तुटतो, हे त्यांना कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त ठाऊक होतं. चाचांचा प्रश्न एवढाच होता, आणि त्यांनी तो वडिलांना, मला, गावात येणाऱ्या प्रत्येकाला विचारला: “बोया कुठे टाकणार, नकाशावर दाखव. पापलेटच्या दिवसांत माझ्या पोराने जाळं कुठे टाकायचं, तेही त्याच नकाशावर दाखव.”